औषधाच्या खोक्यावर नसलेला इशारा

म्हैस लंगडू लागली, तापलेली गाय वैरणीला तोंड लावेनाशी झाली, की जनावरांचे डॉक्टर सूज आणि वेदना कमी करणारे इंजेक्शन देतात. १९९०च्या दशकात भारतात त्यासाठी डायक्लोफिनॅक सर्रास वापरले जाऊ लागले. औषध स्वस्त आणि गुण लवकर येणारा. ते टोचलेले जनावर दगावले आणि गिधाडांनी खाल्ले, तर काय होईल, हे मात्र कोणी तपासलेच नव्हते. त्यामुळे तो इशारा कुठे छापलेलाही नव्हता.

त्याच काळात गिधाडे नाहीशी होऊ लागली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांना राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ही घट प्रथम जाणवली. १९९२ ते २००७ या काळात देशातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. सुरुवातीला संशय होता तो एखाद्या साथीच्या रोगाचा.

उलगडा झाला पाकिस्तानातील पंजाबमध्ये. मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसत होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग पशुवैद्यक आणि औषध दुकानदारांकडे चौकशी केली: गुरांना सर्रास दिली जाणारी, पोटातून शोषली जाणारी आणि मूत्रपिंडाला घातक अशी औषधे कोणती? उत्तर एकच आले, डायक्लोफिनॅक. मूत्रपिंडे निकामी झालेल्या २५ पैकी २५ गिधाडांत त्याचा अंश सापडला. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. गिधाडे संपवायला शंभरातले एक जनावरही विषारी असण्याची गरज नव्हती, हे त्यानंतरच्या गणिताने दाखवले. एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो.

भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबवले. पण नुसत्या बंदीने शेतकऱ्याची अडचण सुटत नाही. आजारी गुराला औषध लागतेच. म्हणून संशोधकांनी मेलॉक्सिकॅम आधी आफ्रिकेतील आणि मग आशियातील गिधाडांवर तपासले. ते सुरक्षित ठरले आणि पर्याय मिळाला.

तरीही पळवाट उरली. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर डायक्लोफिनॅक पुरते. बाजारात मात्र माणसांसाठी म्हणून ३० मिलिलिटरच्या बाटल्या मिळत आणि त्या गोठ्यात पोहोचत. २०१५ मध्ये सरकारने एकेका मात्रेच्याच बाटलीला परवानगी ठेवली. औषध कंपन्यांनी या निर्णयाला आव्हान दिले. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

दुसरी पळवाट नावाची होती. ॲसिक्लोफिनॅक हे वेगळे औषध म्हणून विकले जाई, पण गायी-म्हशींच्या शरीरात त्याचे झपाट्याने डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होते. खोके वाचून हे कळत नाही. जनावराच्या रक्ताचे नमुने तासातासाने तपासावे लागतात. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेन या दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली. बंदी घातलेल्या औषधाची जागा घेणारे प्रत्येक नवे वेदनाशामक विक्रीआधीच गिधाडांसाठी तपासावे, अशी संवर्धनाचे काम करणाऱ्यांची मागणी आहे. सध्या औषध आधी बाजारात येते, गिधाडे मरतात आणि मग तपासणी होते.

पशुपालकांच्या हातीही काही गोष्टी आहेत. इंजेक्शन देताना कंपनीने दिलेले नाव नव्हे, तर आतल्या औषधाचे नाव डॉक्टरांना विचारावे. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम चालेल का, हेही विचारावे. माणसांसाठीची बाटली गुरांना वापरू नये. उपचारानंतर काही दिवसांत जनावर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. पांढऱ्या पाठीचे गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे आज मेलेल्या एका पक्ष्याची जागा भरून यायला कित्येक वर्षे लागतात.