शिवडी, सातारा आणि गुलमोहर

मे महिन्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात शिरा. पाण्याची टाकी, एसटी स्टँड किंवा जिल्हा परिषदेची शाळा, यांतल्या कशाच्या तरी मागे गुलमोहर फुललेला दिसतोच. तो इतका अंगवळणी पडलाय की परका आहे म्हटलं तर लोक वाद घालतात. पण कुठल्या व्रतात त्याच्या फुलाला मान नाही, कुठल्या देवाला ते वाहत नाहीत. आपले सणवार ठरले तेव्हा तो इथे नव्हताच.

त्याचं मूळ मादागास्करचं. बोहेमियातून येऊन मॉरिशसमध्ये स्थिरावलेले वनस्पती-अभ्यासक वेन्सेस्लास बोजेर यांना तो मादागास्करमध्ये १८२०च्या दशकात दिसला, आणि १८२९ साली विल्यम हूकर यांनी लंडनच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. गंमत म्हणजे हा बागेत पाहिलेला वृक्ष होता. रानातलं त्याचं ठिकाण शास्त्रज्ञांना कळायला आणखी शंभरेक वर्षं जावी लागली. तोवर तो उष्ण कटिबंधात सगळीकडे पोचला होता. भारतातली त्याची पहिली नोंद १८४०च्या सुमाराची, मुंबईच्या शिवडीतली, असं सांगतात.

शिवडीतून तो इतका पसरला कसा? मला वाटतं, स्वस्ताईमुळे. हातभर लांब, काळ्या, तलवारीसारख्या शेंगा झाडावर महिनोन् महिने लटकतात आणि प्रत्येकीत बिया भरपूर. बी कठीण असतं. आमच्याकडे आजोबा ते दगडावर एका बाजूने घासायचे आणि कोमट पाण्यात रात्रभर टाकून ठेवायचे. फुगलेलं बी पिशवीत गेलं की थोड्याच दिवसांत कोंब वर. पहिल्या पावसाळ्यात रोप जमिनीत जातं आणि पाचेक वर्षांत फुलायला लागतं. आंबा-फणसाच्या मानाने ही घाईच. कोकणातला पाऊस त्याला चालतो, मराठवाड्यातलं ऊनही. शिवाय गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत. सरकारी बंगल्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या वसाहतींना असंच झाड हवं होतं.

पोरांनी तर त्याला कधीच आपलं केलं. पाचांतली एक पाकळी पांढरट, तांबड्या ठिपक्यांची; तिची आंबट चव चाखत शाळेची वाट सरायची. केसरांची टोकं एकमेकांत अडकवून ओढायची. ज्याचं डोकं तुटलं तो हरला. हा खेळ कुणी शिकवल्याचं कुणाला आठवत नाही. साताऱ्यात १९९९पासून १ मे रोजी ‘गुलमोहर दिन’ साजरा होतो. चित्रकार आणि कवी झाडाखाली जमतात. एका परदेशी झाडाचा असा गावसण दुसरीकडे क्वचितच असेल.

मग गेल्या काही दशकांत हवा पालटली. पावसाळा आला की रस्त्यात आडव्या झालेल्या झाडांच्या बातम्यांत त्याचं नाव हमखास. फांदी ठिसूळ, मुळं उथळ, फरशा उचकटणारी, खाली गवतही धड उगवत नाही: आरोपपत्र लांब आहे, आणि त्यातलं बरंच खरं आहे. पण मुळं आम्ही तोडली हे त्यात येत नाही. केबलसाठी एका बाजूने खणलं, गटारासाठी दुसऱ्या बाजूने, उरलेल्या बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं. विजेच्या तारांसाठी एकीकडच्याच फांद्या छाटल्या. असं एकांगी झालेलं झाड जूनच्या पहिल्या वाऱ्यात पडलं तर दोष झाडाच्या जातीवर!

त्याची निगा फार अवघड नाही, फक्त ती लहानपणीच करावी लागते. रोपाचा एकच सरळ सोट ठेवायचा, डोक्याच्या वर जाईपर्यंत बाजूच्या फांद्या कोवळ्या असतानाच काढायच्या. जाड फांदी उशिरा कापली की जखमेतून बुरशी आत शिरते. पहिले दोन उन्हाळे पाणी कमी वेळा पण भरपूर द्यायचं, म्हणजे मुळं खाली जायला शिकतात. अंगण, मैदान, शेताचा बांध इथे तो मजेत पसरतो. घर, भिंत, टाकी यांच्यापासून मात्र लांबच बरा. अरुंद फुटपाथवर लावू नये, हे मी आता ठामपणे सांगतो.

राज्याच्या कायद्याने झाडांची बाजू १९७५ साली घेतली, आणि २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या शहरी झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटलं. रस्त्यावरच्या किती गुलमोहरांना ती पन्नाशी गाठू देतो, हा प्रश्न वेगळा. दरम्यान आपलं राज्यफूल, ओढ्याकाठचा जांभळा ताम्हण, त्याच मे महिन्यात फुलतो आणि त्याच्यासाठी कुणी जमत नाही. नव्या महामार्गांना सध्या गुलाबी टॅबेबुया पसंत आहे. तोही बाहेरचाच, मध्य अमेरिकेकडचा. आणि त्याच्यासाठी खणलेला खड्डाही तेवढाच अरुंद आहे.