पाच नावं, एक नंबर

९८२० ने सुरू होणारा मोबाइल नंबर ज्यांनी नव्वदच्या दशकात घेतला आणि अजून टिकवला, त्यांच्या कंपनीची पाच नावं झाली: मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि वी. शेवटच्याला कंपनी 'वी' म्हणते, लोक 'व्हीआय' म्हणतात. जुनी सिमकार्डं आणि खरवडलेली रिचार्ज कूपनं साठवण्याचा मला नाद आहे. त्यामुळे नाव बदललं की गिऱ्हाईक काय करतं, हे कुतूहल बरंच जुनं.

तांत्रिकदृष्ट्या बघाल तर काहीच बदललं नाही. मुंबईतल्या या नेटवर्कचा संकेतांक ४०४ २०, तो मॅक्स टचपासून तसाच. टॉवर हँडसेटला हा आकडा कळवतो आणि त्यापुढे कुठलं नाव दाखवायचं ते हँडसेट आपल्या पोटातल्या यादीत शोधतो. म्हणून ऑरेंजचं हच होऊन रस्त्यावरचे फलक गुलाबी झाले तरी जुन्या फोनच्या पडद्यावर ऑरेंजच झळकायचं.

ऑरेंजची गोष्ट तर भलतीच. मॅक्स टचच्या मागे असलेल्या हचिसनने हे नाव १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये काढलं आणि १९९९ मध्ये तिथली कंपनी जर्मनीच्या मानेसमानला विकली. पुढच्याच वर्षी व्होडाफोनने मानेसमान गिळली. ऑरेंज ठेवायला परवानगी नव्हती, म्हणून ती फ्रान्स टेलिकॉमला विकून टाकली. मुंबईत मात्र त्याच २००० साली मॅक्स टचचं ऑरेंज झालं होतं. नाव दुसऱ्याच्या मालकीचं, वापर आपला. २००५ मध्ये ते सोडून 'हच' आलं. म्हणजे ज्या व्होडाफोनने पुढे मुंबईकरांचं नेटवर्क घेतलं, तिच्या हातून त्यांचं ऑरेंज हे नाव आधीच एकदा गेलं होतं.

२००७ मध्ये हचचं व्होडाफोन झालं, तो बदल सर्वांना आठवतो. ऐन गणेशोत्सवात, २० सप्टेंबरच्या रात्रीपासून स्टारच्या वाहिन्यांवर चोवीस तास दुसरी जाहिरातच नाही. हचचा तो चपट्या नाकाचा कुत्रा गुलाबी घरातून निघतो आणि परत येतो तर घर लाल. जाहिरात बेतणाऱ्यांना गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं. नाव गेलं तर लोक कुरकुरतील, कुत्रा गेला तर रुसतील. म्हणून कुत्रा ठेवला.

पण मला खरं घबाड सापडलं ते जाहिरातींत नव्हे, निकालपत्रात. हचचा धंदा घेण्यासाठी व्होडाफोनने सुमारे ११ अब्ज डॉलर मोजून केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एकुलता एक शेअर घेतला आणि त्यावर आयकर खात्याने ११ हजार कोटींहून जास्त कर मागितला, तो खटला. इतक्या पैशांत नेमकं घेतलं काय, याचा कंपनीने परकीय गुंतवणूक संवर्धन मंडळाला २००७ च्या मार्चमध्ये खुलासा केला होता. नियंत्रणासाठी मोजलेलं अधिमूल्य, हचिसनने स्पर्धा न करण्याचा करार, आणि त्याच यादीत चक्क भारतात 'हच' हे नाव वापरण्याचा हक्क! मार्चमध्ये किमतीत धरलेलं नाव सप्टेंबरात पुसलं. आयकर खात्याला हा खुलासा हवाच होता: फक्त एक परदेशी शेअर नव्हे, भारतातले कितीतरी हक्क विकले गेले, असं त्यांचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते उचलून धरलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये निकाल फिरवला. मग सरकारने पूर्वलक्षी कायदा केला आणि २०२१ मध्ये तोही मागे घेतला.

नामांतर पचलं म्हणून मार्केटिंगवाले आजही २००७ चा दाखला देतात. मला तो लबाडीचा वाटतो. तेव्हा कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा. व्हिजिटिंग कार्डं बदला, गावाकडच्या नातेवाइकांना कळवा, दुकानाच्या पाटीवर नवा नंबर रंगवून घ्या. एवढं कोण करतो? नंबर कायम ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली २० जानेवारी २०११ ला. आयडियाशी २०१८ मध्ये विलीनीकरण आणि २०२० मध्ये 'वी' हे नाव आलं, तोवर दार सताड उघडं होतं. जिओ येऊन बसलीच होती. विलीनीकरणाच्या वेळी सुमारे ४० कोटी असलेले ग्राहक काही वर्षांत २० कोटींच्या घरात आले. यात नव्या नावाचा दोष फारसा नाही. स्वस्त दर आणि दुसरीकडचं नेटवर्क यांनीच ते नेले. आणि जाताना मुंबईकर आपला ९८२० बरोबर घेऊनच गेले.