एका अक्षराचा सराव

समजा, रेवदंड्याचा एक मुलगा रोज एसटीने अलिबागला कॉलेजात येतो. निकाल लागतो, गणितात केटी. परतीच्या गाडीत त्याच्या डोक्यात एकच वाक्य घोळत असतं : ‘मला पास व्हायलाच हवं होतं, आता सगळं संपलं.’ घरी गेल्यावर तो काही बोलत नाही.

मनाचं प्रशिक्षण या वाक्यापासून सुरू होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ठाण्यात १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातून ती कितीतरी मराठी घरांत पोचली. वहीत तीन रकाने आखायचे : घटना, विचार, परिणाम. घटना म्हणजे केटी. परिणाम म्हणजे झोप उडणं, पुस्तक न उघडणं. आपल्याला वाटतं, केटीमुळे झोप उडाली. मधला रकाना भरला की दिसतं, झोप त्या ‘व्हायलाच’मधल्या ‘च’ने उडवली आहे. मग त्या विचाराला प्रश्न विचारायचे : पास व्हायलाच हवं, असा नियम कुठे आहे? संपलं म्हणजे नेमकं काय संपलं? उरतं ते इतकंच : ‘पास व्हायला हवं होतं, झालो नाही, पुन्हा बसेन.’ वाईट वाटतंच, वाटायलाही हवं. पण हातपाय गळत नाहीत. हे एकदा समजून भागत नाही. रोज लिहावं लागतं.

आता अभ्यास. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा चार सत्रांत वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के आठवला. एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे होते. म्हणून तर वाचन फसवतं. आपल्या रेवदंड्याच्या मुलाने चौल येईपर्यंत टिपण वाचावं, मग वही मिटावी आणि नागाव, आक्षी मागे पडेपर्यंत मनात उजळणी करावी. अडलं तेवढंच अलिबागच्या स्टँडवर उघडून बघावं.

वही मिटली की आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं, आणि ‘मला यायलाच हवं’ म्हणणाऱ्याला ते सोसत नाही. तो पुन्हा वाचत बसतो. म्हणून मला वाटतं, अभ्यासाचं तंत्र आणि मनाचा सराव एकत्रच शिकवले पाहिजेत.

झोप, जेवण बरेच दिवस बिघडलं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र वहीवर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजात तो कोणत्या खोलीत, किती वाजता बसतो, हे उद्या ऑफिसात विचारा.