पुसट रेषेची मोजणी

नखाएवढाही नसलेला काळा, चकचकीत स्फटिक तांब्याच्या चकतीवर चिकटवलेला असतो. त्याच्या डोक्यावर सिरॅमिकची बारीक खुंटी. निर्वात कक्षात नेल्यावर दांड्याने त्या खुंटीला एक टिचकी मारायची. खुंटी पडते, सोबत स्फटिकाचा वरचा पापुद्रा निघतो आणि खाली आरशासारखा कोरा पृष्ठभाग उघडा पडतो. ‘आर्पेस’ या यंत्राचा दिवस या टिचकीने सुरू होतो.

प्रकाश पडला की पदार्थातून इलेक्ट्रॉन सुटतात, याची पहिली खूण हर्ट्‌झला १८८७ साली दिसली. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्याचे कारण सांगितले. आर्पेस सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन मोजते, त्यावरून तो आत किती ऊर्जेने नि कोणत्या संवेगाने वावरत होता ते कळते. शितावरून भाताची परीक्षा! मात्र शिते वरच्या जेमतेम नॅनोमीटरभर थरातलीच मिळतात. म्हणून पृष्ठभाग स्वच्छ हवा आणि दाब १०⁻¹¹ टॉरच्या आसपास. १०⁻⁶ टॉरला पृष्ठभाग काही सेकंदांत मळतो.

बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांतली अतिवाहकता शोधली. त्यांपैकी बिस्मथचे संयुग सुमारे ९० केल्विनला अतिवाहक होते आणि थराथरांनी सहज सुटते. म्हणून आर्पेसवाल्यांचे ते लाडके. स्टॅनफर्डच्या झी-शुन शेन यांच्या गटाला १९९३ मध्ये त्यात दिसले की अतिवाहक अवस्थेतली ऊर्जाफट, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मज्जाव असलेला ऊर्जेचा पट्टा, सगळीकडे सारखी नाही: तांबे-ऑक्सिजन बंधाच्या दिशेने ती मोठी, कर्णाच्या दिशेने जवळपास शून्य.

पण इलेक्ट्रॉनांची एकमेकांशी नि स्फटिकाच्या जाळीशी होणारी परस्परक्रिया मोजायची कशी? इलेक्ट्रॉन कुणाशी न अडखळता धावला, तर ऊर्जा-संवेगाच्या आलेखावर रेखीव रेषा उमटेल. तो इतरांना धडकतो, जाळीच्या कंपनांत गुंततो, तशी रेषा रुंदावते. ही रुंदी म्हणजेच त्याच्या अडखळण्याचा हिशेब. म्हणून यंत्राचा स्वतःचा पुसटपणा काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टवर आणावा लागतो. उरेल तो इलेक्ट्रॉनचा.

रेषेचा उतारही बोलतो. २००१ मध्ये लांझारा, शेन आणि सहकाऱ्यांनी अनेक ताम्र-ऑक्साइडांत ५० ते ८० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान या रेषेत एक बाक दाखवला. त्याच्या अलीकडे, म्हणजे फर्मी पातळीजवळ (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या काठाशी), इलेक्ट्रॉन संथ, जणू ओझे घेऊन चालणारा. ओझे कशाचे? त्यांनी बोट ठेवले जाळीच्या कंपनांवर. इतरांनी चुंबकीय चढउतारांवर. बाक सर्वांना मान्य, भांडण त्याच्या अर्थावर.

कितीही जपले तरी पृष्ठभाग अखेर मळतोच. मग नवा स्फटिक, नवी खुंटी, पुन्हा टिचकी.