विश्लेषण : परदेशी संगीत महाविद्यालयांच्या ऑडिशनची तयारी वर्षभर आधी का करावी लागते? भुईगावच्या विद्यार्थ्यांपुढील अडचणी कोणत्या?

परदेशातील संगीत महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करताना गुणपत्रिकेपेक्षा १०-१५ मिनिटांचे वादन किंवा गायन जास्त मोलाचे ठरते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील भुईगाव, गिरीज, निर्मळ, नंदाखाल या गावांतील अनेक मुलांना चर्चच्या गायनवृंदामुळे पाश्चात्त्य संगीताची ओळख लहानपणीच होते. पुढे काही जण ग्रेड परीक्षाही देतात. मात्र पदवीनंतर संगीतातच उच्च शिक्षण घ्यायचे ठरवल्यावर पहिला प्रश्न पडतो तो ऑडिशनला काय वाजवायचे, काय गायचे हा. या निवडीत झालेली चूक शेवटच्या महिन्यात दुरुस्त करता येत नाही.

रेपर्टवार म्हणजे काय?

ऑडिशनसाठी तयार केलेल्या रचनांच्या संचाला रेपर्टवार म्हणतात. आवडीची चार गाणी बसवली, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक संस्था वाद्यानुसार आणि अभ्यासक्रमानुसार आपली यादी जाहीर करते. कोणत्या कालखंडातील किती रचना हव्यात, रचना पूर्ण वाजवायची की तिचा एखादा भाग चालेल, पाठ हवी की समोर नोटेशन ठेवता येईल, साथीदार लागेल का, हे सारे त्यात दिलेले असते. यादीत बसत नसलेली रचना कितीही उत्तम वाजवली तरी अर्ज बाद होऊ शकतो.

प्रत्यक्ष ऑडिशनमध्ये सगळा संच ऐकला जाईलच असे नाही. पहिली रचना अनेकदा विद्यार्थ्याला निवडू देतात. त्यानंतर काय ऐकायचे ते परीक्षक ठरवतात आणि मध्येच थांबवूनही पुढची रचना सुरू करायला सांगतात. थांबवले म्हणजे नापसंत केले, असे नव्हे. वेळ कमी असतो, त्यांना हवे ते ऐकून झालेले असते. म्हणूनच ४५ मिनिटांचा कार्यक्रम तयार असलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात १२ मिनिटेच मिळू शकतात. ती १२ मिनिटे नेमकी कोणती असतील, हे त्याला आधी ठाऊक नसते.

कोणत्या वाद्यासाठी काय मागितले जाते?

तपशील संस्थेनुसार बदलतो, पण ढोबळ साचा सारखा असतो. पियानोसाठी साधारणपणे बाखचे एक प्रिल्युड आणि फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बेथोव्हन यांचा एक पूर्ण सोनाटा, १९ व्या शतकातील एक मोठी रचना, शोपाँ किंवा लिस्ट यांच्यासारख्यांचा एखादा एट्यूड आणि २० व्या शतकातील किंवा त्यानंतरची एक रचना मागितली जाते. बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हिए'च्या दोन भागांत मिळून प्रिल्युड-फ्यूगच्या ४८ जोड्या आहेत आणि बेथोव्हनचे सोनाटे ३२ आहेत. त्यामुळे निवडीला वाव भरपूर असतो.

व्हायोलिनसाठी बाखच्या एकल सोनाटा-पार्टिटांपैकी परस्परांहून वेगळ्या प्रकृतीचे दोन भाग, एक मोठा कॉन्चेर्टो आणि बऱ्याच ठिकाणी पागानिनीच्या २४ कॅप्रिसपैकी एक, अशी मागणी असते. गायनासाठी भाषांचा निकष असतो. इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषांतील गीते आणि आरिया मागितल्या जातात. नुसते पाठांतर इथे उपयोगी पडत नाही, उच्चार आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असावा लागतो. गिटार वाजवणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यायला हवा. गायनवृंदात किंवा लग्नाच्या बँडमध्ये प्लेक्ट्रमने वाजवली जाणारी गिटार आणि शास्त्रीय गिटार यांचे तंत्र वेगळे आहे. शास्त्रीय गिटारच्या अभ्यासक्रमाला नायलॉनच्या तारांचे वाद्य आणि बोटांनी वाजवण्याचे तंत्र लागते.

आठवी ग्रेड पुरेशी का नाही?

भारतात एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षा मोठ्या प्रमाणावर दिल्या जातात. एबीआरएसएमच्या प्रत्यक्ष परीक्षेत ३ रचना, स्केल्स, नोटेशन पाहून वाजवणे आणि श्रवणचाचणी असते. १५० पैकी १०० गुणांना उत्तीर्ण आणि १३० गुणांना डिस्टिंक्शन मिळते. विद्यार्थी सहसा वर्षभर त्या ३ रचनांवर मेहनत घेतो, परीक्षा देतो आणि पुढच्या ग्रेडकडे वळतो.

ऑडिशनची मागणी नेमकी याच्या उलट असते. इथे लांबलचक रचना लागतात, त्याही एकाच वेळी तयार असाव्या लागतात आणि ती तयारी तीन-चार महिने टिकवावी लागते. परीक्षेत गुणांची बेरीज होते, त्यामुळे एखादी रचना कच्ची राहिली तरी स्केल्स सावरून घेतात. ऑडिशनमध्ये परीक्षक नेमकी कच्ची रचनाच मागू शकतात. शिवाय, हा विद्यार्थी आज किती वाजवतो याच्याइतकेच पुढील दोन वर्षांत तो किती पुढे जाईल, याकडेही परीक्षकांचे लक्ष असते.

या दोन टोकांमध्ये एक पायरी उपयोगी पडते. एबीआरएसएमच्या एआरएसएम या पदविकेसाठी ३० मिनिटांचा सलग कार्यक्रम सादर करावा लागतो. तो ऑडिशनचा पर्याय नाही. पण अर्धा तास एकाग्रता टिकते का आणि बोटे किंवा आवाज थकतो का, याची कसोटी त्यातून होते.

वेळापत्रक उलट्या बाजूने का मोजायचे?

ब्रिटनमधील बहुतेक संगीत महाविद्यालयांचे अर्ज 'यूकास कॉन्झर्व्हटॉअर्स' या यंत्रणेमार्फत जातात आणि संगीतासाठीची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते. लंडनचे गिल्डहॉल थेट अर्ज घेते. अमेरिकेत ज्युलियार्ड, येल यांसारख्या संस्थांची मुदत १ डिसेंबर असते. तेथे अर्जासोबत प्री-स्क्रीनिंगचे व्हिडीओ द्यावे लागतात. त्यातून निवडलेल्यांनाच फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ऑडिशनला बोलावले जाते.

म्हणजे डिसेंबरच्या अर्जासाठी नोव्हेंबरमध्ये चित्रीकरण करावे लागेल. चित्रीकरणाआधी किमान दोन-तीनदा लोकांसमोर सादरीकरण व्हायला हवे, ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यासाठी जुलै-ऑगस्टपर्यंत रचना पाठ झालेल्या हव्यात. मोठी रचना बसायला तीन-चार महिने धरले आणि एकदा बाजूला ठेवून पुन्हा हातात घेण्याचा काळ मिळवला, तर यादी आदल्या डिसेंबर-जानेवारीतच पक्की करावी लागते.

मुंबई विद्यापीठाच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला हे वेळापत्रक अधिक जड जाते. पाचव्या सत्राच्या परीक्षा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे चित्रीकरणाच्या सुमारास येतात. सहाव्या सत्राची तयारी ऐन ऑडिशनच्या काळात सुरू होते. त्यामुळे पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करणे हा वर्ष वाया घालवण्याचा प्रकार नसून अनेकांसाठी तोच व्यवहार्य मार्ग ठरतो.

भुईगावसारख्या गावात वेगळ्या अडचणी कोणत्या?

पहिली अडचण कॅलेंडरची. नोव्हेंबरपासून नाताळच्या गायनवृंदाचा सराव सुरू होतो. नाताळनंतर उपवासकाळ लागेपर्यंत लग्नांचा हंगाम असतो आणि वाजवणाऱ्या मुलांची कमाईही याच दिवसांत होते. अमेरिकी संस्थांच्या चित्रीकरणाचा आणि ऑडिशनचा काळही नेमका हाच. कोणत्या जबाबदाऱ्या घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे घरच्यांशी आणि गायनवृंदाशी आधीच बोलून ठेवावे लागते.

दुसरी अडचण वाद्याची. समुद्रकाठच्या दमट हवेत पियानो सुरात ठेवणे कठीण आणि खर्चिक असते. त्यामुळे सराव बहुधा डिजिटल कीबोर्डवर होतो. ८८ पट्ट्यांचा, पट्ट्यांना वजन असलेला कीबोर्ड रोजच्या सरावाला चालतो. पण ग्रँड पियानोचा दाब, पेडल आणि मोठ्या खोलीतला नाद त्यावर कळत नाही. ऑडिशन देण्यापूर्वी खऱ्या पियानोवर काही आठवडे तरी हात बसायला हवा.

तिसरी अडचण साथीदाराची. व्हायोलिनचा कॉन्चेर्टो किंवा आरिया गाताना ऑर्केस्ट्राचा भाग पियानोवर वाजवणारा अनुभवी साथीदार लागतो. चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्यांना गीतांची साथ उत्तम जमते. कॉन्चेर्टोचे नोटेशन वाजवण्याची तयारी मात्र वेगळी असते. असा साथीदार आणि वरच्या पातळीचा शिक्षक यांच्यासाठी बहुतेकदा मुंबई गाठावी लागते. भुईगावहून बस किंवा रिक्षाने वसई रोड स्थानक आणि तिथून चर्चगेटपर्यंत ५० किलोमीटरहून अधिक लोकल प्रवास, म्हणजे एका तासाच्या शिकवणीसाठी निम्मा दिवस जातो. आठवड्यातून दोनदा हे केले तर सरावाचे तास कमी होतात. म्हणून साथीदारासोबतच्या तालमी शेवटच्या आठवड्यावर न ढकलता महिन्यातून एकदा, पण सहा महिने आधीपासून ठेवणे सोयीचे पडते.

सर्वात अवघड रचना निवडावी का?

बहुतेकदा नाही. अवघड रचना ८० टक्के जमलेली आणि मध्यम रचना पूर्ण जमलेली, यांत दुसरी अधिक ऐकण्यासारखी होते. गायनात तर अतिमहत्त्वाकांक्षा आवाजालाच घातक ठरू शकते. बावीस-तेवीस वर्षांच्या आवाजाने वाग्नरच्या किंवा पुच्चिनीच्या जड भूमिका गायल्या, तर निवडच चुकल्याचे परीक्षकांना लगेच कळते. संचात वैविध्य हवे. एक संथ, एक वेगवान. एक नियमबद्ध, एक मोकळी. सगळ्याच रचना वेगाच्या असतील तर विद्यार्थ्याचा सूर आणि समज दिसत नाही.

दुसरा मुद्दा यादी जुळवण्याचा. समजा, एका विद्यार्थ्याने ५ संस्था निवडल्या आणि प्रत्येकीने ४ प्रकारच्या रचना मागितल्या. कागदावर २० रचना दिसतात. पण उभ्या रकान्यात संस्था आणि आडव्या ओळीत मागण्या असा तक्ता केला, तर बऱ्याच मागण्या एकमेकींवर बसतात आणि ६-७ रचनांत काम भागू शकते. ज्या संस्थेसाठी एकच वेगळी मोठी रचना बसवावी लागते, तिथे अर्ज करायचा की नाही, याचा निर्णयही या तक्त्यामुळे सोपा होतो.

व्हिडीओ करताना काय पाहावे?

प्री-स्क्रीनिंगच्या व्हिडीओत एका रचनेच्या मध्ये काटछाट चालत नाही. कॅमेरा एका जागी असावा, चेहरा आणि हात दिसावेत, आवाजावर कोणताही इफेक्ट नसावा, अशा सूचना सर्रास असतात. अलीकडच्या मोबाइलचे चित्र पुरेसे चांगले असते, उणीव जाणवते ती आवाजात. साधा बाह्य मायक्रोफोन आणि प्रतिध्वनी कमी असलेली खोली यांनी मोठा फरक पडतो. चर्चच्या उंच छताखाली आवाज भरदार वाटतो, पण जलद स्वर एकमेकांत मिसळतात. चाचणी म्हणून ऑगस्टमध्येच एक पूर्ण चित्रीकरण करून पाहिले, तर चुका सुधारायला वेळ राहतो.

खर्चाचे काय?

शुल्क संस्थेनुसार आणि देशानुसार खूप बदलते. येल स्कूल ऑफ म्युझिक प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांकडून शिकवणी शुल्क घेत नाही. राहण्या-खाण्याचा हिशेब मात्र वेगळा करावा लागतो. जर्मनीतील सरकारी संगीत महाविद्यालयांत शुल्क तुलनेने कमी असते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो घेते. तिथे अनेक ठिकाणी जर्मन भाषाही यावी लागते. भारतात १८९२ मध्ये स्थापन झालेली जे. एन. टाटा एन्डोमेंट परदेशातील उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते. शिवाय, अनेक संस्थांची शिष्यवृत्तीही ऑडिशनवरच ठरते. त्यामुळे रचनांच्या निवडीवर प्रवेशाबरोबरच तो परवडेल की नाही, हेही अवलंबून असते.

आणखी एक अट आधीच तपासावी. पदव्युत्तर प्रवेशासाठी सामान्यतः पदवी लागते. ती संगीतातलीच हवी की वाणिज्य, विज्ञान शाखेची चालेल, हे संस्थेनुसार बदलते. पदवी दुसऱ्या शाखेची असेल तर संगीतसिद्धांताची वेगळी चाचणी किंवा जादा अभ्यासक्रम द्यावा लागू शकतो.

मुंबईत आधार कुठे मिळतो?

मुंबईहून या वाटेने गेलेल्यांची उदाहरणे जुनी आहेत. झुबीन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेले. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांनी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिक्षण घेतले. पुढे 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' या उपक्रमातून त्या भारतातील तरुण गायकांना शिकवू लागल्या. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली. तिच्याशी जोडलेल्या अकादमीत वाद्यवृंदातील कलाकार शिकवतात. तिथे होणाऱ्या मैफलींना आणि मास्टरक्लासना श्रोता म्हणून बसणे, हेही तयारीचाच भाग आहे. आपण वाजवतो ती रचना प्रत्यक्ष वाद्यवृंदासोबत कशी वाजते, हे यूट्यूबवर पूर्ण कळत नाही.

लोकांसमोर वाजवण्याचा सराव मात्र भुईगावातच मिळू शकतो. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात किंवा घरच्या ओट्यावर २०-२५ नातेवाइकांपुढे पूर्ण कार्यक्रम सादर करावा. पुढची रचना कोणती, ते चिठ्ठी उचलून श्रोत्यांनीच ठरवावे. कोणतीही चिठ्ठी आली तरी हात डगमगले नाहीत, तर संच तयार झाला असे समजायला हरकत नाही. एखादी चिठ्ठी येऊ नये असे वाटत असेल, तर त्या रचनेवर अजून काम करावे लागेल किंवा मुदतीआधी ती बदलावी लागेल.