एरिक्सन यांची सातवी मनोसामाजिक अवस्था : अहिल्यादेवी होळकर यांच्या जीवनाच्या संदर्भात

एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात मानवी विकासाच्या आठ मनोसामाजिक अवस्था मांडल्या. फ्रॉइड यांचा भर बालपणावर होता. एरिक्सन यांच्या मते विकास आयुष्यभर चालू राहतो. विश्वास विरुद्ध अविश्वास या अर्भकावस्थेतील संघर्षापासून आत्मसंपूर्णता विरुद्ध वैफल्य या वृद्धावस्थेतील संघर्षापर्यंतचा त्यांचा तक्ता विद्यार्थी बहुधा पाठच करतात. त्यामुळे सातव्या अवस्थेचा, म्हणजे सर्जकता विरुद्ध कुंठितता या प्रौढावस्थेतील संघर्षाचा अर्थ अपत्यसंगोपनापुरता मर्यादित होतो. एरिक्सन यांना पुढील पिढीची काळजी वाहण्याची व्यापक वृत्ती अभिप्रेत होती.

चांदवडचा रंगमहाल ज्या होळकर घराण्याची साक्ष देतो, त्या घराण्यातील अहिल्यादेवींचे (१७२५–१७९५) जीवन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. त्यांचा विवाह बालपणीच झाला. किशोरावस्थेत अस्मिता आणि त्यानंतर तारुण्यात आत्मीयता हा एरिक्सनप्रणीत क्रम येथे लागू पडत नाही. बालविवाहाच्या समाजात स्त्रीची अस्मिता सासरीच घडत असे. अहिल्यादेवींच्या बाबतीत सासरे मल्हारराव यांनी दिलेले राज्यकारभाराचे शिक्षण निर्णायक ठरले.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव, १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये एकुलता पुत्र मालेराव यांचे निधन झाले. त्या वेळी अहिल्यादेवींचे वय सुमारे बेचाळीस वर्षांचे होते. सर्जकतेचा अर्थ केवळ वंशवृद्धी असता, तर या टप्प्यावर कुंठितता अटळ ठरली असती. प्रत्यक्षात त्यांनी कारभार हाती घेतला, महेश्वरी राजधानी वसविली, तेथे विणकरांना आश्रय दिला आणि स्वतःच्या राज्याबाहेरही घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या. काशी विश्वनाथ मंदिराची पुनर्बांधणी १७८० ची. या बांधकामांचा लाभ ज्यांना व्हावयाचा होता ते त्यांच्या रक्ताचे नव्हते, पुष्कळदा प्रजाजनही नव्हते.

आठव्या अवस्थेविषयी मात्र सावधगिरी आवश्यक आहे. नातवापाठोपाठ १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले व कन्या मुक्ताबाई सती गेल्या. त्यानंतर चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, अहिल्यादेवींचे निधन झाले. घाटांवरून सातव्या अवस्थेविषयी अनुमान करता येते; आठव्या अवस्थेविषयी ते करता येत नाही, कारण ती आयुष्याकडे मागे वळून पाहताना व्यक्तीला काय वाटले यावर अवलंबून असते.