ओकचे फर्निचर

ओकचे फर्निचर म्हणजे क्वेर्कस या प्रजातीतील वृक्षांच्या लाकडापासून बनवलेले टेबल, खुर्ची, पेटी, कपाट, पलंग इत्यादी घरगुती सामान. युरोपात यासाठी प्रामुख्याने क्वेर्कस रोबर व क्वेर्कस पेट्रिया या जातींचे, तर उत्तर अमेरिकेत पांढऱ्या व तांबड्या ओकचे लाकूड वापरतात. इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरातील सामानासाठी ओक हेच मुख्य लाकूड होते.

लाकडाचे गुणधर्म

वाळलेल्या युरोपीय ओकची घनता प्रति घनमीटर सुमारे ७०० किलोग्रॅम असते. त्याच्या मध्यकाष्ठात टॅनिन भरपूर असल्याने बुरशी व बऱ्याच किडींना ते सहज बळी पडत नाही. बाहेरचे फिकट रसकाष्ठ मात्र लवकर पोखरले जाते. जुन्या सामानातील किडीची भोके बहुधा अशाच भागात आढळतात.

टॅनिनची दुसरी बाजूही आहे. ओलसर ओकमध्ये लोखंडी खिळा ठोकल्यास त्याभोवती निळसर काळा डाग पडतो आणि खिळाही गंजतो. पूर्वी याच रासायनिक क्रियेतून शाई बनवत. त्यासाठी लागणारे टॅनिन ओकवरील गाठींपासून मिळे. महाराष्ट्रात बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ ही ओकच्याच एका जातीवरील गाठ होय.

बांधणी

टिकाऊपणाचे श्रेय केवळ लाकडाला देणे योग्य नाही. जुने इंग्लिश सुतार चौकटीच्या एका तुकड्यात खाच पाडून दुसऱ्याचे कुसू तीत बसवत. दोन्हींतील भोके किंचित सरकवून पाडल्याने त्यांत ठोकलेली लाकडी खुंटी सांधा आवळून धरी. मधली फळी खोबणीत सैल ठेवली जाई. हवेतील दमटपणानुसार लाकूड आडव्या दिशेने फुगते व आक्रसते. फळी सरसाने पक्की केली तर ती तडकते.

स्वरूप

ओंडका त्रिज्येच्या दिशेने कापला असता फळीवर चकाकणारे रुपेरी पट्टे उमटतात. अशा कापणीत लाकूड जास्त वाया जाते, पण फळी कमी वाकते. अमोनियाच्या वाफेत ठेवल्यास टॅनिनमुळे ओक गडद तपकिरी होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन निर्माते गुस्ताव स्टिकली यांनी या पद्धतीचा मोठा वापर केला.

इतिहास

१६६० नंतर इंग्लंडच्या श्रीमंत घरांत अक्रोडाचे आणि पुढे महोगनीचे सामान आले. खेड्यांत ओकच चालू राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हस्तकला चळवळीने त्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, सुमारे ३ मीटर रुंदीचा ‘ग्रेट बेड ऑफ वेअर’ हा ओकचा पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. राणी व्हिक्टोरियाने १८८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेट दिलेले ‘रिझोल्यूट’ मेज एका ब्रिटिश जहाजाच्या ओक लाकडाचे आहे.

निगा

घरातील उष्ण, कोरडी हवा ओकला सर्वांत घातक ठरते. हीटरजवळ ठेवलेले जुने कपाट काही हिवाळ्यांतच फाकू शकते. याउलट सतत ओल राहिल्यास बुरशी धरते आणि कुजू लागलेल्या ओकमध्ये भुंगेऱ्यांच्या अळ्या शिरतात. सागाच्या तुलनेत ओक जास्त आक्रसतो व फुगतो, तसेच त्यात सागासारखे नैसर्गिक तेल नसते. त्यामुळे कोकणासारख्या दमट प्रदेशात त्याला अधिक निगा लागते. विकत घेताना ‘ओक’ या नावाखाली अनेकदा भुशाच्या दाबीव फळीवर चिकटवलेला ओकचा पातळ थर मिळतो. फळीच्या कडेला रेषा वरून खाली अखंड वळलेल्या दिसल्या, तर लाकूड भरीव असण्याची शक्यता अधिक असते.